डॉक्टरांची गाडी

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा गाडी घेतली. ती घेताना मी अशी काही वागले, की आज दुसऱ्या कुणाला मूर्ख म्हणण्याआधी मला स्वतःचा चेहरा आठवतो. आठवतो, आणि तरीही मी म्हणतेच.

मी नागपूरला धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात एक्सरे काढते. घर शहराच्या टोकाला, बेसा भागात. घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना आठवड्यातून तीनदा रामदासपेठेत व्यायामासाठी न्यायची वेळ आली. पाय वाकत नव्हता, त्यामुळे स्कूटरवर बसवता येत नव्हतं. ऑटोवाल्याला बेसा म्हटलं की तो असा बघायचा, जणू मी त्याला चंद्रपूरला चल म्हणतेय. "वापसी खाली आना पडता, मॅडम." रोज हेच वाक्य ऐकून मला वीट आला, आणि मी दवाखान्यात बोलून बसले की एखादी जुनी गाडी मिळाली तर बरं होईल.

ते आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या कानावर गेलं. हाडांचे डॉक्टर, दवाखान्यात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. बाबांचा गुडघाही त्यांनीच केला होता. उत्तम केला होता, हे मान्य करावं लागतं, आणि त्याचाच मला आज जास्त राग येतो. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अगं, माझी जुनी गाडी पडूनच आहे. तेरा वर्षांची आहे, पण फिरली किती? रामदासपेठ ते धंतोली. तू घेऊन टाक. बाहेरच्याला द्यायला जीव होत नाही माझा."

बाहेरच्याला द्यायला जीव होत नाही! हे वाक्य मी घरी जाऊन बाबांना अभिमानाने सांगितलं.

दवाखान्यात ज्याला ज्याला विचारलं, तो तो एकच बोलला. डॉक्टरची गाडी आहे, डोळे झाकून घे. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, औषधांच्या दुकानातला म्हणाला, दोन सिस्टरही म्हणाल्या. मी डोळे झाकले. गाडी पांढरीशुभ्र होती. सीट कव्हरं नवीकोरी, खाली जाड काळी चटई, आणि आत तीन ठिकाणी सुगंधाच्या बाटल्या. बसलं की लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यासारखं वाटायचं. सीट कव्हर बघून गाडी घेणाऱ्या माणसांची मी आजवर टवाळी करत आले होते. मीही सीट कव्हरच पाहिलं.

बाबा एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी केलेले सुटे भाग मोजले आणि एक सूत इकडेतिकडे झालं की परत पाठवले. ते गाडीत बसले, नाक वर करून म्हणाले, "वास काहून मारून राहिली इतकी?"

"परफ्यूम आहे बाबा."

"ते दिसलं. पण कशाले लावलं?"

"छान वाटावं म्हणून."

"एखाद्या मेकॅनिकले दाखव वं बाई आधी."

"बाबा, सर काय म्हणतील? त्यांनी विश्वासाने दिली, आणि आपण मेकॅनिक घेऊन जायचं?"

हे मी म्हणाले. जे लोक लाजेपायी प्रश्न विचारत नाहीत आणि त्याला सभ्यपणा म्हणतात, त्यांच्याबद्दल माझं मत फार वाईट आहे. त्यांत मी पहिली.

डॉक्टरांनी पेढ्यांचा डबा आणि किल्ली एकदमच हातात दिली. "गाडी नाही, लक्ष्मी देतोय तुला," असं म्हणाले. कुणीतरी फोटो काढला. त्या फोटोत मी हसतेय.

पहिल्याच आठवड्यात मागची डावी काच खाली गेली ती वर आलीच नाही. बेशाला जिकडेतिकडे बांधकाम चाललेलं, त्यामुळे महिनाभर मागच्या सीटवर सिमेंटची धूळ वाहून नेली. मग हॉर्नने स्वतःचं डोकं चालवायला सुरुवात केली. डावीकडे वळलं की आपोआप वाजायचा. एकदा एका अंत्ययात्रेच्या मागे वाजला, आणि तिरडीला खांदा दिलेल्या माणसाने वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. पावसात वायपर बंद आणि कोरड्या दिवशी चालू. मे महिन्यात एसी गरम हवा फेकायचा. नागपूरच्या मे महिन्यात! हेडलाइट मधेच मंद व्हायचे आणि आपलं आपण परत यायचे.

मानेवाडा-बेसा रस्त्यावर टिनाच्या शेडमध्ये एक मेकॅनिक आहे. पन्नाशीचा माणूस, कमी बोलणारा. मी त्याच्याकडे जायला लागले. तिसऱ्या खेपेला त्याने डॅशबोर्डखालच्या तारा ओढून मला दाखवल्या. जोडांवर हिरवी साय धरली होती.

"ताई, ही गाडी पाण्यात होती का?"

"डॉक्टरांची गाडी आहे ती," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं, तारा आत सारल्या आणि हात पुसले. "बरं," म्हणाला. पुढे कित्येक महिने त्याने तो विषय काढला नाही. माझ्या आवाजात काय होतं ते त्याला बरोबर कळलं होतं. टिनाच्या शेडमधल्या माणसाने मोठ्या डॉक्टरांच्या गाडीविषयी असं बोलावं कसं, असंच होतं ते. मी सातवीपर्यंत दोन फ्रॉकवर काढलेली मुलगी. मला हा तोरा शिकवला कुणी, देव जाणे.

ती गाडी मी दीड वर्ष अशीच रेटली. मग एका मंगळवारी दुपारी बाबांना व्यायामाहून घरी आणत होते. उड्डाणपुलावरून खाली उतरताना पुढे एक ट्रॅक्टर संथ चालला होता, म्हणून ब्रेक दाबला. पायडल भसकन खाली गेलं. गाडी जराशी हळू झाली, पण थांबेना. पुन्हा दाबला, पुन्हा. हँडब्रेक ओढला तर तो कुणी सैल नाडी ओढावी तसा नुसताच वर आला. बाबा काही ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "गेअर पाड. खाली पाड." मी दुसरा टाकला, मग पहिला. गाडी किंचाळली. ट्रॅक्टरच्या मागच्या फळीत आणि आमच्यात हातभर अंतर उरलं तेव्हा मी स्टेअरिंग डावीकडे फिरवलं, आणि पूल संपतो तिथे कुणीतरी बांधकामासाठी टाकलेल्या रेतीच्या ढिगात आम्ही शिरलो. डावीकडे वळताना हॉर्न वाजलाच.

बाबांचं कपाळ समोर आपटलं. रक्त नाही आलं, टेंगूळ आलं. ऑपरेशनचा पाय त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.  जमलेल्या लोकांपैकी एकाने विचारलं, "मॅडम नवीन शिकून राहिल्या का?" दुसरे हसले. बाई गाडीत आणि गाडी रेतीत, म्हणजे त्यांना सगळं समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं. भांडायला नव्हे, का कोण जाणे, सांगावंसं वाटलं. त्यांच्यासमोर एका पोराच्या मोडलेल्या मनगटाचा एक्सरे होता. त्यावरून नजर न काढता ते म्हणाले, "अरेच्चा. माझ्याकडे असताना कधी असं झालं नाही हो. तू चालवतेस कशी? क्लचवर पाय ठेवून चालवत असशील. बायकांना ती सवय असते."

क्लचवर पाय ठेवल्याने ब्रेकचं तेल गळत नाही. मेकॅनिकने मला त्या तेलाची नळी दाखवली होती. गंजून तिची साल निघत होती आणि एका ठिकाणी सुईएवढं भोक होतं. त्याने नळ्या बदलून दिल्या. मी डॉक्टरांना "हो सर" म्हणाले आणि बाहेर आले.

नंतरच्या महिन्यात गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पंधरा वर्षांनी खाजगी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी तिची तपासणी होते. आमच्याकडे याला सगळे पासिंग म्हणतात. हे डॉक्टरांच्या लक्षात होतं. त्यांनी स्वतःहून एका एजंटचा नंबर दिला. "आपला माणूस आहे. तुला कुठे जायची गरज नाही."

तो माणूस दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर मला भेटला. खिशाला चार पेनं, काखेत रेग्झिनची बॅग. गाडी त्याने पाहिलीसुद्धा नाही, आणि ती तर वीस पावलांवर उभी होती.

"मॅडम, चेसिस नंबरचा छाप आणा, चार बाजूंनी फोटो आणा, इथे इथे सह्या करा. बाकी मी पाहून घेतो."

"आणि तपासणी?"

"होते ना."

"गाडी न नेता?"

"मॅडम, गाडी कोण पाहते? गाडीचे कागद पाहते." तो इतक्या मायेने हसला, जणू मी पहिलीत आहे आणि तो मला बाराखडी शिकवतोय.

खरं सांगते, मी सह्या केल्या. चहाही त्यानेच पाजला. पुलावरून खाली आलेली ती दुपार जेमतेम पाच आठवडे जुनी होती, आणि मी सह्या केल्या, कारण सुट्टी टाकायचा कंटाळा आला होता.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते भाजी निवडत होते. म्हणाले, "म्हणजे गाडी न पायता पास. मंग तू बी तसंच करत जा. पेशंट घरी झोपला राहू दे, तू इकडं कोणाचाही एक्सरे काढून पाठवून दे." मी चिडले. ते पुन्हा भाजीकडे वळले. बाबांचा हाच त्रास आहे. एक वाक्य बोलतात आणि मग पालकाची देठं मोडत बसतात.

चेसिस नंबर म्हणजे गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उठतो. माझ्या गाडीत तो पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी, चटईच्या खाली होता. मी मेकॅनिककडे गेले आणि म्हटलं, तेवढा छाप काढून द्या. त्याने जाड काळी चटई उचलली. तिच्याखाली कंपनीची मूळ चटई होती, ती चिकटली होती. त्याने पेचकसाने कड सोडवली आणि ओढली.

खाली वाळलेला चिखल होता. उन्हाळ्यात तळ्याचा तळ भेगाळतो तसा भेगाळलेला, बोटभर जाड. त्यात काडीकचरा, आणि गोगलगायीचा एक बारीक शंख. तुंबलेल्या नाल्याला येतो तसा सांडपाण्याचा वास सगळीकडे पसरला, आणि तीन सुगंधी बाटल्या कशासाठी होत्या ते मला त्या क्षणी कळलं.

 मेकॅनिकने चिखल खरवडला. नंबराच्या शेजारी तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा लुकणाने चिकटवला होता आणि वरून काळा रंग फासला होता. त्याने पेचकसाचं टोक त्यावर जरा टेकवलं. पत्रा आत गेला. भोकातून मला गॅरेजची जमीन दिसली, तिच्यावरचा तेलाचा डाग दिसला.

"कोणं तरी हे उघडून पायलं होतं, ताई," तो म्हणाला. "पायलं, आणि मंग झाकलं. हे आपोआप नाही होत."

मी त्याच्या स्टुलावर बसले. "तुम्ही मला विचारलं होतं."

"हाव. विचारलं होतं." एवढंच. त्याने मला टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी रिसेप्शनवरच्या बाईला सरळ विचारलं. ती आधी कॉम्प्युटरमध्ये पाहत राहिली. मग म्हणाली, "अगं, म्हणजे तुला माहीत नाही? हां, तू तेव्हा इथे लागली नव्हतीस. मोठा पाऊस झाला होता ना, नाल्याचं पाणी डॉक्टरांच्या इमारतीच्या तळघरात शिरलं होतं. दोन दिवस गाडी त्यात बुडून होती. डॉक्टर तीन दिवस आले नव्हते, ओपीडी बंद होती. अख्ख्या दवाखान्याला माहीत आहे."

"मग तू मला डोळे झाकून घे म्हणालीस?"

"मला वाटलं, रिपेअर करून घेतली असेल. आणि सरांच्या गाडीविषयी आपण काय बोलणार?"

औषधांच्या दुकानातल्याला माहीत होतं. त्या दोन सिस्टरनाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी माझ्या पेढ्यांच्या डब्यातले पेढे खाल्ले होते. डॉक्टरांचा राग येतो तो सरळ आहे, त्याला एक चेहरा आहे. पण या माणसांचा? ही काही दुष्ट माणसं नव्हेत. माझी आई गेली तेव्हा यांनीच डबे आणले होते. पण साहेबाच्या गाडीपुढे यांच्या तोंडातून शब्द फुटला नाही, मग पुढे कुणी मेलं तरी चालेल. अशा नेभळट चांगुलपणाची मला तेव्हापासून किळस आहे.

मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. या वेळी उभी राहिले, बसले नाही.

"सर, गाडी पाण्यात बुडाली होती."

"हो," ते म्हणाले. सहज, जणू मी आज बुधवार आहे म्हटलं. "पण ती तेव्हाच दुरुस्त करून घेतली होती. काम मोठ्या शोरूममध्ये झालं."

"तळाला भोक आहे. त्यावर पत्रा चिकटवलाय."

"असेल. जुन्या गाडीला एवढं तेवढं असायचंच."

"तुम्ही मला सांगितलं नाही."

त्यांनी चष्मा काढला. "हे बघ, मी खोटं बोललो का? तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. तू विचारलंच नाहीस. आणि त्या एजंटकडून पासिंग होऊन जाईल, पाच वर्षं बघायला नको. उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

ज्या माणसाने माझ्या बापाच्या गुडघ्यात धातूचा सांधा बसवला, केसाएवढी चूक होऊ नये म्हणून तीन वेळा एक्सरे काढायला लावले, तोच माणूस त्याच बापाच्या पायाखाली भोक असलेली गाडी देतो आणि म्हणतो, तू विचारलंच नाहीस. त्यांच्या मनात या दोन गोष्टी कुठेही एकमेकींना धडकत नव्हत्या. मला वाटत होतं ते ओशाळतील. ओशाळणं ही गोष्ट त्यांच्याकडे नव्हतीच.

मी एजंटकडून कागद परत घेतले आणि गाडी तपासणीला स्वतः न्यायची ठरवली. यात थोरपणा काही नव्हता. कुणीतरी सरकारी शिक्क्याने कागदावर लिहून द्यावं की ही गाडी रस्त्यावर चालवायच्या लायकीची नाही, आणि तो कागद मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावा, एवढीच माझी हाव होती.

तपासणीचं मैदान गावाबाहेर होतं. बाबा येतोच म्हणाले. मेकॅनिकने सांगितलं होतं, ब्रेक आता ठीक आहेत, हळू जा. आम्ही सकाळी दहाला रांगेत लागलो. आमच्यापुढे शाळेच्या मुलांची एक पिवळी व्हॅन होती. तिचा मागचा दिवा चिकटपट्टीने धरला होता आणि चालू केली की धुराने मागचं काही दिसत नव्हतं. तिच्या ड्रायव्हरशेजारी चार पेनांचा एजंट बसला होता. व्हॅन पुढे गेली, थांबली, निरीक्षक साहेबांनी मोबाईलने फोटो काढला, व्हॅन निघून गेली. एजंटने जाताना मला हात केला.

मग आम्ही. साहेबांनी हॉर्न वाजवायला सांगितला. तो वाजला. दिवे लावायला सांगितले. ते नेमके त्या दिवशी लखलखीत लागले. शंभर फूट चालवून ब्रेक मारायला सांगितला. गाडी थांबली. छापाचा कागद त्यांनी नंबराशी ताडून पाहिला नाही, नुसता फाईलला लावला. एक फोटो काढला.

"ठीक आहे. झालं."

चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मी उतरले नव्हते, त्यांनी वाकून आत पाहिलं नव्हतं. मागच्या माणसाने हॉर्न दिला.

"साहेब," मी म्हणाले, "ती चटई उचलून पाहा ना."

"काय?"

"पुढच्या सीटखालची चटई. खाली भोक आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या अंगावर उलटी केली. "मॅडम, तुम्हाला पास पाहिजे की नापास पाहिजे?"

"जे असेल ते पाहिजे."

"लोक पास करून घ्यायला येतात. तुम्ही काय नमुना आहात?"

बाबा तोवर काठी टेकत उतरले होते. त्यांनी स्वतः वाकून, एक पाय लांब ठेवून, चटई ओढून काढली. त्यांना ते वाकणं किती दुखत होतं ते मला माहीत होतं. "साहेब, मी तीस वर्षं तपासणी केली. माल हातात घेतल्याबिगर शिक्का नाही मारला कधी. हे पाहा. तुमचे बूट दिसून राहिले मले यातून."

"काका, ही घरगुती गाडी आहे, रेल्वेचं इंजिन नाही."

"घरगुती हाय म्हणूनच. यात घरचे बसतेत."

मागचे दोनतीन जण गाड्यांतून उतरून आले होते. त्यांनी भोक पाहिलं, आणि साहेबांनी पाहिलं की त्यांनी पाहिलं. आता शिक्का मारणं अवघड झालं. त्यांनी फाईल हिसकावल्यासारखी घेतली आणि लिहिलं: तळाचा पत्रा गंजलेला, वाहन रस्त्यावर चालवण्यास अयोग्य. सही इतक्या जोरात केली की कागद फाटायचा राहिला. "घ्या. समाधान झालं?"

मागच्या माणसाने आपल्या बायकोला सांगितलेलं मी ऐकलं. "पागल आहे. पास झालेली गाडी फेल करून घेतली."

तो कागद मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. "मला आधी विचारायचंस ना," ते हळहळले. "मी तुला चांगलं गिऱ्हाईक बघून दिलं असतं. आता किंमत मातीमोल झाली."

मला खरोखर हसू आलं. शिक्षा, पश्चात्ताप, लाज, यांतलं काहीच त्या माणसाच्या आसपास फिरकत नव्हतं. त्यांना फक्त किमतीचं वाईट वाटत होतं. तेही माझ्यासाठी!

आणि गिऱ्हाईक आलंच. चार दिवसांनी आमच्या कँटीनचा माणूस माझ्या खोलीच्या दाराशी आला. सज्जन माणूस, बायको आणि दोन मुली, बुटीबोरीकडच्या गावाला आईवडील. "ताई, सर म्हणत होते, तुम्ही गाडी काढून राहिल्या."

मी त्याला पार्किंगमध्ये नेलं आणि सगळं दाखवलं. चटई, उरलेला चिखल, भोक. तो नापासचा कागद वाचायला दिला. पुलावरची गोष्ट सांगितली. त्याने सगळं मन लावून ऐकलं. मला वाटलं, चला, एक माणूस तरी वाचला.

मग तो म्हणाला, "थे एजंट म्हणते, दुसऱ्या जिल्ह्यातून पास करून देतो. पत्रा मी मारून घेईन. तुम्ही बोला ना ताई, किती?"

"अरे, तुझ्या मुली बसतील ना यात?"

"हळू चालवीन."

"मी नाही देणार."

"काहून? गिऱ्हाईकाले चालते तर तुमाले काय आहे?"

"तू मेलास तर मला चालणार नाही."

त्याचा चेहरा बदलला. "तुम्ही स्वतः दीड वर्ष फिरल्या तवा चालली. आता गरिबाच्या घरी गाडी येऊन राहिली तर तुमाले तत्त्व आठवलं." आणि तो गेला. पुढे कित्येक दिवस तो माझा चहा दुसऱ्याच्या हाती पाठवायचा. त्याचं बोलणं मला लागलं, कारण त्यातला पहिला अर्धा भाग खरा होता.

मी गाडी भंगारात दिली. जुन्या गाड्या रीतसर मोडून त्याचं प्रमाणपत्र देणारं एक केंद्र आहे, तिथे. त्यांनी आधी चाकं काढली, मग इंजिन उचललं, आणि चेसिस नंबराचा तुकडा कापून एका पाकिटात घातला, म्हणजे तो नंबर पुन्हा कुठल्या गाडीवर चढायला नको. बाबा खुर्ची मागून घेऊन बसले होते आणि सगळं पाहत होते. कापणारा माणूस काम नीट करतोय याचं त्यांना समाधान वाटलेलं दिसलं. मला काही वाटलं नाही. वाटेल असं वाटलं होतं.

आता बाबांचा पाय बराच वाकतो. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेते, आडरस्त्याने, हळूहळू. डॉक्टरांनी नवी गाडी घेतली तेव्हा दवाखान्यात पेढे वाटले. माझ्यासमोर डबा आला, मी घेतला नाही. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, "किती मनात धरून ठेवतेस गं." डॉक्टर माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतात, अगदी मायेने, आणि त्यांना वाटतं की झालं गेलं विसरून गेले मी.

कँटीनवाल्याने दिवाळीच्या आधी दुसरीकडून एक जुनी गाडी घेतली. माझ्याशी बोलणं त्याने पुन्हा सुरू केलंय, पण गाडीचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. रविवारी तो मुलींना घेऊन रामटेकला जाऊन येतो. पासिंग झालेली आहे म्हणे.